पेटी, बँजो, ढोल किंवा जुना कीबोर्ड मिडीला जोडायचाय? काम देण्यापूर्वी हे वाचा

वाद्य घेऊन आमच्या वर्कशॉपवर येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: “मिडी बसवल्यावर माझ्या पेटीचा आवाज बदलेल का?” बदलणार नाही. मिडी म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यातली निरोपाची भाषा; तिच्या तारेतून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. नोटेशनची वही स्वतः गात नाही, तसंच हे. आवाज काढायचं काम पलीकडचा संगणक, मोबाइल किंवा साउंड मॉड्यूल करतो.

त्यामुळे आम्ही वाद्य उघडण्याआधी तुम्हाला ते वाजवायला लावतो. तुमचा हात त्यावर नेमकं काय करतो ते पाहायचं आणि तेवढंच सेन्सरने टिपायचं, ही आमची पद्धत.

मिडी नवीन नाही. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून ते १९८३ मध्ये आलं. त्या काळचा कीबोर्ड आजही, मध्ये एक छोटा इंटरफेस लावला की, लॅपटॉपशी बोलतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात इतकी टिकलेली दुसरी वस्तू आम्हाला तरी चटकन आठवत नाही.

पेटी

आमच्याकडे सगळ्यात रस घेऊन होणारं काम हेच, म्हणून जरा सविस्तर.

कीबोर्डवर बोट जितक्या वेगानं पडतं तितका आवाज मोठा. मिडीत याला व्हेलॉसिटी म्हणतात आणि तिचा आकडा १२७ पर्यंत जातो. पेटीला हे लागू नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजाचा चढ-उतार भात्यावर असतो. तयार किटमध्ये नेमकी हीच बाब सुटते, आणि मग साथ करणारा म्हणतो, “वाजतंय सगळं, पण पेटी वाटत नाही.” आम्ही पेटीची व्हेलॉसिटी एका आकड्यावर स्थिर ठेवतो आणि भात्यातल्या हवेचा दाब मोजतो. त्यासाठी दोन किलोपास्कलपर्यंतचा छोटा दाब-सेन्सर पुरतो. त्याचं माप मिडीच्या कंट्रोलर क्रमांक ११ वर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार सांगणाऱ्या ‘एक्स्प्रेशन’ निरोपावर, सतत जात राहतं. भाता सैल सोडला की संगणकातल्या सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सुराचा, आवाजही खाली बसतो.

पट्ट्यांखाली आम्ही धातूचे स्विच लावत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात त्यांच्यावर गंज धरतो आणि दिवाळीपर्यंत दोन-चार सूर मुके होतात. त्याऐवजी प्रत्येक पट्टीखाली बारीक चुंबक आणि समोर हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते ओळखणारा) बसतो. दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे झिजत नाहीत. सव्वातीन सप्तकांच्या पेटीला ३९ पट्ट्या असतात. १६ वाटांचे ३ मल्टिप्लेक्सर (अनेक सेन्सर आळीपाळीनं एकाच तारेवर वाचणाऱ्या चिप) त्यांना पुरतात. सूर कुठे सुरू व्हावा हा बिंदू आम्ही झडप उघडते तिथेच धरतो, पट्टी तळाला लागते तिथे नव्हे. दमटपणानं लाकूड फुगलं की हा बिंदू सरकतो. पहिली पट्टी दाबून धरून वीज चालू केली की पेटी स्वतःला पुन्हा जुळवून घेते. पावसाळा संपल्यावर एकदा हे करा.

फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून रियाज करायचा असेल तर स्टॉप (रीडकडे हवा सोडणारी ओढायची बटणं) बंद ठेवावे लागतात. मग हवेला वाट उरत नाही, भाता ताठ होतो आणि हाताला परका लागतो. अशा पेटीला आम्ही बारीक गळतीची झडप देतो. तरी पूर्ण तसाच हात लागेल असा शब्द देत नाही.

स्वर बदलणं मिडीत सोपं. काळी एकवरून पांढरी चारवर जायचं तर प्रत्येक सूर चार घरं वर. पण पेटीचे रीडही सोबत वाजत असतील तर हे करू नका, दोन वेगळ्या स्वरांचा गोंधळ ऐकू येईल. मींड हवी असेल तर पट्ट्यांच्या वर एक स्पर्श-पट्टी बसवता येते. सूर वर-खाली ओढणाऱ्या निरोपाला, म्हणजे पिच बेंडला, १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे सरकताना धक्के जाणवत नाहीत. मात्र हा बेंड एका चॅनलवरच्या सगळ्या सुरांना ओढतो. षड्जाचा आधार-सूर त्याच चॅनलवर असेल तर तोही घसरणार, म्हणून तो आम्ही वेगळ्या चॅनलवर टाकतो. मिडीत १६ चॅनल आहेत, कंजुषी करायचं कारण नाही.

तुमच्या पेटीच्या लाकडाला आम्ही भोक पाडत नाही. सगळं काढून पेटी पूर्ववत करता आली पाहिजे. आजोबांच्या पेटीबाबत तर ही आमचीच अट आहे.

बँजो आणि ढोल

बँजोची (म्हणजे बुलबुलतरंगाची) पट्टी दाबली म्हणजे सूर वाजला असं नसतं; तार छेडल्यावर वाजतो. म्हणून पट्ट्यांचे संपर्क आणि पिकअपमधून येणारा ठोका असे दोन्ही वाचावे लागतात. काम होतं, पण पेटीपेक्षा खर्चिक पडतं.

नाशिक ढोलाला सेन्सर लावून घ्यायला पथकातली मुलं हमखास येतात. पानाला आतून पिझो चकती (ठोका बसला की वीज देणारी) चिकटवायची, तिच्याशी समांतर एक मेगाओहमचा रोध आणि जादा व्होल्टेज अडवणारा ५.१ व्होल्टचा झेनर डायोड. हा डायोड वाचवू नका: टिपरू जोरात बसलं तर चकती सेन्सर वाचणाऱ्या चिपला सोसणार नाही एवढा व्होल्टेज फेकते. स्टेजवर किंवा स्टुडिओत हे छान चालतं. मिरवणुकीत चालत नाही, कारण शेजारच्या ढोलाच्या हादऱ्यानंही तुमची चकती बोलते.

ताशाचं काम आम्ही घेत नाही. एका ठोक्याचे दोन मोजले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर सेन्सर थोडा वेळ बंद ठेवतात. तो वेळ ४० मिलिसेकंद धरला तर सेकंदाला २५ पेक्षा जास्त ठोके मोजलेच जाणार नाहीत. वेळ कमी केला की भुताचे, म्हणजे न मारलेले, ठोके सुरू. चांगल्या ताशेवाल्याची तड या दोन्हींच्या मध्ये मरते.

“आवाज उशिरा येतो” ही तक्रार

दोष बहुतेक वेळा मिडीचा नसतो. मिडीच्या पाच पिनांच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एक सूर साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. लॅपटॉपचा ऑडिओ बफर (वाजवण्याआधी साठवून ठेवायचा आवाजाचा तुकडा) १०२४ वर असेल तर ४४,१०० च्या सॅम्पल दरावर तिथेच २३ मिलिसेकंद जातात. तो २५६ वर आणा, सुमारे सहा होतील. आणि स्पीकर जवळ घ्या. तो साडेतीन मीटर लांब असेल तर नुसत्या हवेतच १० मिलिसेकंद खर्च होतात.

मंडपात जनरेटरवर कार्यक्रम असेल तर यूएसबीऐवजी पाच पिनांची तार वापरा. तिच्या इनपुटला ऑप्टोकपलर (प्रकाशातून निरोप पुढे देणारा भाग) असतो, दोन यंत्रांचं विजेचं नातं तिथे तुटतं आणि गुणगुण अडते. यूएसबीत ही सोय नसते. लॅपटॉपचा चार्जर काढला की गुणगुण थांबते हे अनेकांनी अनुभवलं असेल. तार १५ मीटरपेक्षा लांब नको.

स्वतः करणाऱ्यांसाठी

किट आमच्याकडे मिळतं, सल्ला फुकट. सेन्सर वाचणारा छोटा बोर्ड निवडताना लक्षात ठेवा: आर्डुइनो उनो आर३ यूएसबीवर थेट मिडी यंत्र म्हणून ओळखला जात नाही. प्रो मायक्रो किंवा पिको घ्या. बंद पडलेल्या कीबोर्डचा सांगाडा फेकू नका, त्यातल्या पट्ट्या उत्तम असतात. रबरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आठ बाय आठच्या जाळीत ६४ पट्ट्या वाचता येतात, पण प्रत्येक पट्टीला १एन४१४८ डायोड हवाच. नाहीतर तीन सूर धरले की चौथा न दाबता वाजेल. फिरत्या बटणांना १० किलोओहमचे लिनिअर पोटेन्शिओमीटर घ्या, आणि रिकाम्या अॅनालॉग पिना कोडमध्ये वाचू नका. त्या हवेतूनच काहीबाही आकडे पाठवत राहतात. मिडीच्या सॉकेटवर पिनांचा क्रम १-४-२-५-३ असा असतो. संदेश ४ आणि ५ वर. इनपुटच्या बाजूला २ नंबर जोडू नका.

मेन्सवर चालणारा जुना ऑर्गन मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देऊ शकतात.

काम देताना

वाद्य पाहिल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. पेटी आधी सुरात आणि भात्यात ठीक असावी. हवा गळत असेल तर पेटीवाल्याकडून दुरुस्त करून मगच आणा, नाहीतर दाब-सेन्सर ती गळतीच इमानेइतबारे मोजेल. गणपतीच्या आधीचा महिना आमचा भरलेला असतो, त्यामुळे ढोलाची कामं आषाढातच द्या. आम्ही बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सला एक वर्षाची हमी आहे. पाणी शिरलं तर ती लागू नाही. काम झाल्यावर तारांचा नकाशा, कोडची फाइल आणि काढलेले मूळ स्क्रू पिशवीत घालून देतो. वाद्य न्यायला याल तेव्हा कार्यक्रमात वापरता तोच लॅपटॉप आणि तीच तार आणा, त्यांच्यावरच वाजवून दाखवू.