सिराज औरंगाबादी

अठराव्या शतकातला औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) सूफी कवी, मूळ नाव सय्यद सिराजुद्दीन. लिहायचा दखनी वळणाच्या उर्दूत आणि फारसीत. त्याच्या आधीचा दखनी शायर वली, त्याच्यानंतर दखनच्या गझलेत मोठं नाव याचंच.

जन्म कोणी १७१२ चा धरतं, कोणी १७१५ चा. मृत्यू हिजरी (इस्लामी कालगणना) ११७७ मधला, त्यावर फारसा वाद नाही, तरी तेच साल कुठे १७६३ छापलंय तर कुठे १७६४. हिजरी ११७७ सुरू होतं जुलै १७६३ मधे आणि निधन शव्वालमधलं मानलं तर तो पडतो दहावा महिना, म्हणजे एप्रिल १७६४ उजाडलेला असतो, त्यामुळे १७६४ च जास्त पटतं.

बारा-तेराव्या वर्षी त्याला वेड म्हणा, सूफींच्या भाषेत जज्ब म्हणा, ते लागलं. खुलताबादला सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती रात्र-रात्र फिरायचा, तोंडातून फारसी शेर आपोआप यायचे, शेवटी बापाने पायात बेड्या घातल्या. असं सात वर्षं चाललं. पुढे शाह अब्दुल रहमान चिश्तींचा मुरीद, म्हणजे शिष्य झाला, थोडी वर्षं उर्दूत भरपूर लिहिलं आणि पीरांनी सांगितल्यावर गझल सोडली.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती 'बोस्ताने खयाल' या मसनवीची, म्हणजे दीर्घ कथाकाव्याची. हिजरी ११६०, म्हणजे १७४७ ची, आणि शेरही ११६० च, हा योगायोग नसणार. यात 'मी' एका हिंदू मुलावरच्या प्रेमाची आणि ताटातुटीची हकीकत सांगतो. आता, माशूक (ज्याच्यावर प्रेम आहे तो) पुल्लिंगी असणं हा फारसी-उर्दू गझलेचा जुना संकेतच आहे. सिराजच्याच 'खबरे तहय्युरे इश्क' या गझलेत 'न तो तू रहा' असं येतं, पण तेवढ्या पुल्लिंगी क्रियापदावरून कवीच्या आयुष्याबद्दल काही ठरवता येत नाही, तसं केलं तर निम्मे उर्दू शायर त्यात बसतील. काही अभ्यासक मसनवीलाही तोच न्याय लावतात, म्हणजे मुलगा हे रूपक आणि खरं प्रेम ईश्वराचं. दुसरे तिला आत्मकथनच मानतात, आणि दुसऱ्यांचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं, कारण इथे माशूक नुसता संकेत म्हणून येत नाही, त्याला धर्म आहे, घरदार आहे. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या लेखनाचं संकलन काढलं त्यात हिचा इंग्रजी अनुवाद आहे, तेव्हापासून सिराजला 'गे कवी' म्हणायची पद्धत पडली. शब्द आजचा, त्याच्या काळावर तो जपूनच लावलेला बरा. स्वतः सिराज त्या ओढीला इश्क म्हणतो, आणि त्याच्या लेखी मुलावरचं प्रेम आणि पीराची वाट ही दोन वेगळी खाती नव्हतीच.

गझल सोडल्यावर त्याने फारसी कवींच्या निवडक काव्याचं संकलन केलं, वर सांगितलेली वेडाची हकीकत त्या संकलनाच्या प्रस्तावनेतली. उर्दू कुल्लियात, म्हणजे समग्र काव्य, १९४० मधे हैदराबादला छापली गेली, संपादक अब्दुल कादिर सरवरी.