दारू, मारहाण आणि कोर्टातला ‘हेतू’ : वडोदऱ्यासाठी पार्श्वभूमी

बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. गुजरात वेगळं झाल्यावरही तो तसाच राहिला. म्हणून वडोदऱ्यात पिऊन कुणी कुणाचं डोकं फोडलं, की दोन गुन्हे उभे राहतात : मारहाण आणि ‘पीधेला’ची, म्हणजे प्यायलेल्या अवस्थेत सापडल्याची केस. दुसऱ्यात १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं, की निर्दोषपणा सिद्ध करायचं ओझं आरोपीवर जातं. मारहाणीला मात्र साक्षीदार लागतात, आणि ते बहुधा घरचे किंवा सोबत प्यायला बसलेले असतात.

खरा घोळ खुनाच्या खटल्यात होतो. १८६० च्या दंडसंहितेचं कलम ८६ (२०२४ पासून न्याय संहितेचं २४) म्हणतं, की स्वतःहून प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती असं धरा. हेतूचं काय, ते सांगत नाही. खून की सदोष मनुष्यवध, हे तर पुष्कळदा हेतूवरच ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५६ च्या निकालानं वाट काढली. लग्नाच्या जेवणात बसायच्या जागेवरून एका निवृत्त जमादारानं पोराच्या पोटात गोळी घातली होती. तो मधूनमधून झोकांड्या खात होता, बरळत होता. पण आपल्या पायांनी आला, जागा निवडली, गोळी झाडून पळू लागला. खुनाची शिक्षा कायम राहिली. अक्कलच पार गेली असेल तरच हेतू धरू नये, एरवी वागण्यावरून ठरवावा. निकाल योग्यच होता, तरी ‘साहेब, तो नशेत होता’ ही विनवणी आजही पुढे येते.

दारू प्यायलेला प्रत्येक पुरुष हात उगारत नाही. एका बैठकीत खूप ढोसणारा मात्र समोरच्या अपमानापलीकडचं काही पाहू शकत नाही. वारंवार झिंगणाऱ्यांच्या बायकांना मार बसण्याचं प्रमाण न पिणाऱ्यांच्या घरांपेक्षा सुमारे तिप्पट असल्याचं देशव्यापी पाहणीत दिसतं.

२०१७ च्या दुरुस्तीनं दारू बनवण्या-विकण्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत नेली. मारहाणीच्या वेळी नशा होती, याचा पुरावा मात्र रक्ताच्या बाटलीशीच अडतो. सुई टोचायची जागा स्पिरिटनं पुसली, तर बचाव पक्ष त्यावरच बोट ठेवतो. बाटलीत सोडियम फ्लोराईड नसेल, तर जंतूंमुळे आकडा बदलतो. १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरतं. म्हणजे चार तासांनी ५० निघालं, तर मारहाणीच्या वेळी ते ११०च्या आसपास असावं. हा हिशेब मांडायला मारहाणीची आणि रक्त घेतल्याची, दोन्ही वेळा कागदावर लागतात.