मार खाण्याचं कौशल्य

22 फेब्रुवारी 1910. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रिचमंडला बॉक्सिंगच्या लाइटवेट (हलक्या वजनगटाच्या) जगज्जेतेपदाची लढत 45 फेऱ्यांची ठरली होती. चाळिसाव्या फेरीत रेफ्रीने ती थांबवली, कारण बॅटलिंग नेल्सनला स्वतःचा बचावही करता येईना. 22 वर्षांचा अ‍ॅड वोलगास्ट जिंकला. आज अशा लढती 12 फेऱ्यांत आटोपतात. हे दोघे जवळजवळ दोन तास एकमेकांना बडवत होते.

मिशिगनमधल्या कॅडिलॅकचा हा गडी ठोसे चुकवण्याच्या भानगडीत फारसा पडत नसे. दोन खायचे, आत घुसायचं, चार द्यायचे. प्रेक्षक अशांवरच जीव टाकतात. 1912 मध्ये विजेतेपद गेलं, तरी तो लढत राहिला. पुढे त्याचं मन इतकं बिघडलं की कधीच न होणाऱ्या लढतीसाठी तो रोज सराव करी. 1955 साली कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात तो वारला.

हनुवटीवर ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं. कवटी फिरते, पण खरवसासारखा लिबलिबीत मेंदू क्षणभर मागे राहतो, पिळवटतो. त्यात चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. या तंतूंच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना आधार देणारं टाऊ नावाचं प्रथिन असतं. वर्षानुवर्षे मार बसत राहिला तर ते सुटून गोळा होऊ लागतं, विशेषतः मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती. ग्लोव्हजचा इथे फारसा उपयोग नाही. ते मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचवतात!

1928 मध्ये न्यू जर्सीतले डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी बॉक्सरांच्या या आजारावर पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. आज त्याला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई, म्हणतात. (घड्याळांवर रेडियम रंगवणाऱ्या मुलींच्या आजाराचा छडा लावणारे हेच.) त्यांचं निरीक्षण नेमकं होतं: तंत्रात कच्चे, डोक्यावर भरपूर मार खाणारे आणि इतरांच्या सरावासाठी भाड्याने उभे राहणारे यांना धोका जास्त.

या आजाराचं खात्रीचं निदान अजूनही मृत्यूनंतर, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. त्यामुळे वोलगास्टच्या दुखण्याला हेच नाव देणं हा अंदाज ठरतो, पण माझ्या मते बळकट अंदाज. नॉकआउट किती झाले एवढंच मोजून भागत नाही. शुद्ध न हरपता पचवलेले ठोसेही हिशेबात धरावे लागतात, आणि त्यातले कितीतरी सरावातले असतात.