मित्रांनी वाटलेल्या मार्कांनी निकाल फुगतो का?

इंजिनिअरिंगच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये सहमूल्यांकन, म्हणजे गटातल्यांनीच एकमेकांच्या कामाला मार्क देणं, आणायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘पोरं एकमेकांना पैकीच्या पैकी देतील, मार्क फुगतील.’ हा समज चुकीचा आहे.

इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात तयार झालेल्या वेबपीए पद्धतीत प्रत्येकाने दिलेल्या गुणांची बेरीज आधी 1 वर आणतात. म्हणजे सगळ्यांना दहापैकी दहा दिले काय नि पाच दिले काय, चौघांच्या गटात वाटा प्रत्येकी 0.25 च. मग प्रत्येकाला चौघांकडून (स्वतःसकट) मिळालेल्या वाट्यांची बेरीज करायची; तो त्याचा गुणांक. चौघांनीही एखाद्याला 0.30 दिले, तर त्याचा गुणांक 1.2. गटाला 60 मार्क असतील आणि ते सगळेच गुणांकाने गुणले, तर त्याचे 72, ज्याला 0.20 मिळाले त्याचे 48. उरलेल्या दोघांना 0.25 च मिळाले, तर त्यांचे 60. सरासरी साठच! फुगायला जागाच नाही.

खरी भीती वेगळी आहे, आणि ती मला गंभीर वाटते: तिघांनी मिळून चौथ्याला पाडणं. त्यावर आकडेमोडीत उपाय नाही. शिक्षकांनी प्रत्येक गुणामागचं कारण लिहून घ्यावं, कामाच्या नोंदी पाहाव्यात आणि त्या चौथ्याशी स्वतः बोलावं.