मॅनेजरियल फायनान्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि कामांचा क्रम

पैसा कुठे गुंतवायचा, तो कुठून उभा करायचा आणि रोजचे देणे भागेल इतकी रोकड हाताशी कशी ठेवायची, या तीन प्रश्नांभोवती मॅनेजरियल फायनान्स हा विषय फिरतो. परदेशी विद्यापीठांच्या यादीत मात्र तो एकाच नावाने सापडत नाही. कुठे कॉर्पोरेट फायनान्स, कुठे फायनान्शिअल मॅनेजमेंट, कुठे अकाउंटिंग अँड फायनान्स, तर कुठे एमबीएमधले एक स्पेशलायझेशन. म्हणून अर्ज भरायला घेण्याआधी नाव बाजूला ठेवा आणि विषयांची यादी वाचा. कॅपिटल बजेटिंग (कोणत्या प्रकल्पात पैसा घालायचा याचा निर्णय), भांडवलाचा खर्च (भांडवल उभे करायला पडणारी किंमत), भांडवल रचना (कर्ज आणि भागभांडवल यांचे प्रमाण), लाभांश धोरण, खेळते भांडवल आणि कंपनीचे मूल्यांकन हे विषय त्यात असतील तर तुम्ही योग्य पानावर आहात. यादी स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (यादृच्छिक बदलांचे गणित) आणि डेरिव्हेटिव्हच्या (दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर ज्यांची किंमत ठरते अशा करारांच्या) किमती काढण्याने भरलेली असेल, तर तो क्वांटिटेटिव्ह फायनान्सचा अभ्यासक्रम आहे. त्याची पात्रता वेगळी असते आणि तिथला स्पर्धक बहुधा गणित किंवा भौतिकशास्त्र शिकून आलेला असतो.

दुसरी निवड अनुभवाची. एमएस्सी किंवा मास्टर इन फायनान्स हे बहुतेक अभ्यासक्रम पदवीनंतर लगेच येणाऱ्यांसाठी असतात. नोकरीचा अनुभव असला तर चांगले, नसला तरी चालते. एमबीएचे गणित उलटे आहे. एएमबीए (असोसिएशन ऑफ एमबीएज) या संस्थेची मान्यता असलेल्या एमबीएला किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि इतर चांगल्या बिझनेस स्कूलही साधारण तशीच अपेक्षा ठेवतात. इंटर्नशिप सहसा या अनुभवात धरत नाहीत.

पात्रता: खरी चाळणी पूर्वविषयांची

पदवी हवी, ती मान्यताप्राप्त विद्यापीठाची हवी, हे सगळ्यांना माहीत असते. तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चार वर्षांचीच लागते. हे त्या त्या विद्यापीठाच्या पानावर तुमच्या देशाच्या नावाखाली लिहिलेले असते, तिथेच पाहावे. ओळखीतल्या कुणाला मागच्या वर्षी प्रवेश मिळाला, हा पुरावा धरू नका.

अर्ज खरे अडतात ते पूर्वविषयांवर. गणिताचे इतके क्रेडिट, सांख्यिकीचे इतके, अकाउंटिंग आणि फायनान्सचे इतके, अशी अट अनेक विद्यापीठे घालतात. ती कागदी वाटते, पण तिच्यामागचे कारण पहिल्याच सत्रात कळते. मार्कोविट्झचा १९५२ चा पोर्टफोलिओ सिद्धांत, म्हणजे गुंतवणूक कशी विभागावी याचा विचार, सुरू झाला की सहविचरण (दोन गोष्टी सोबतीने किती बदलतात याचे माप) यायलाच हवे. कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेलमधला बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो याचे माप, काढायचा तर रिग्रेशन हे सांख्यिकीचे तंत्र लागते. मोदिग्लियानी आणि मिलर यांनी भांडवल रचना आणि कंपनीचे मूल्य यांच्या संबंधाबद्दल १९५८ मध्ये मांडलेला युक्तिवाद समजायचा तर ताळेबंदाची डावी-उजवी बाजू विचार न करता वाचता आली पाहिजे. हे शिकवायला पदव्युत्तर वर्गात वेळ नसतो. कुणी शिकवलेच तर आठवडाभराची उजळणी म्हणून.

त्यामुळे कॉमर्सच्या विद्यार्थ्याचे बहुधा गणित-सांख्यिकी कमी पडते आणि इंजिनीअरचे अकाउंटिंग. ही उणीव अर्जाच्या बरीच आधी भरून काढता येते, पण कशाने भरता यावर सगळे अवलंबून आहे. ज्या कोर्सला परीक्षा आहे, गुण आहेत आणि क्रेडिट किंवा तास लिहिलेले गुणपत्रक मिळते, तो धरला जाण्याची शक्यता असते. नुसते 'पूर्ण केले' म्हणणारे ऑनलाइन प्रमाणपत्र तुमची आवड दाखवते, अट क्वचितच पूर्ण करते. पैसे भरण्याआधी त्या कोर्सची माहिती विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ई-मेलने पाठवून 'हे चालेल का' असे लेखी विचारून घ्या. उत्तर आले की ते जपून ठेवा.

क्रेडिटचे रूपांतर स्वतः करू नका. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, आणि त्यात घरचा अभ्यासही धरलेला असतो. पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट होतात. तुमच्या अभ्यासक्रमात 'आठवड्याला चार तास, १५ आठवडे' असे असेल तर ते फक्त वर्गातले ६० तास. या दोन मापांची सांगड कशी घालायची हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमाने ठरवते. तुमचे काम एवढेच, की तास, आठवडे आणि गुण जसेच्या तसे द्यायचे.

यासाठी एक साधा तक्ता बनवा. डावीकडे विद्यापीठाची अट, शेजारी तुमच्या विषयाचे नाव जसे गुणपत्रकावर आहे तसे, मग विषयाचा सांकेतिक क्रमांक, तास किंवा क्रेडिट, मिळालेले गुण, आणि शेवटी अभ्यासक्रम पुस्तिकेतला पान क्रमांक. काही विद्यापीठे असा नमुना स्वतःच देतात. देत नसतील तरी जोडा. अर्ज तपासणाऱ्याच्या हातात शेकडो फाइली असतात आणि 'बिझनेस मॅथेमॅटिक्स २' मध्ये सांख्यिकी शिकवली होती हे त्याने ओळखावे अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आणि अभ्यासक्रम पुस्तिका तुमच्या बॅचची हवी. कॉलेजे दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात. संकेतस्थळावरची आजची प्रत जोडली आणि गुणपत्रकावरचे विषय तिच्याशी जुळले नाहीत, तर फाइल शंकेच्या ढिगात जाते. जुनी प्रत विभागाकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून सगळ्यात आधी.

गुणांचे भाषांतर

तुमचे ७ सीजीपीए परदेशी विद्यापीठात किती होतात, याला एकच उत्तर नाही. उदाहरणादाखल जर्मनीत वापरले जाणारे सुधारित बव्हेरियन सूत्र घेऊ. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही उत्तीर्णतेची कड. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. कमाल १०, उत्तीर्णतेला ४ आणि तुमचे ७ असतील तर श्रेणी येते २.५. उत्तीर्णतेची मर्यादा ५ असेल तर त्याच ७ चे होतात २.८. एखाद्या अभ्यासक्रमाची अट २.५ ची असेल तर हा फरक आत की बाहेर ठरवतो. म्हणून ट्रान्सक्रिप्टच्या (सर्व सत्रांचे गुण एकत्र दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकृत पत्रकाच्या) मागे छापलेले मूल्यांकनाचे कोष्टक, किंवा किमान उत्तीर्ण गुण सांगणारे विद्यापीठाचे पत्र, जोडल्याशिवाय अर्ज पाठवू नये. मागची बाजू स्कॅन करायला बहुतेक जण विसरतात.

परीक्षा

जीमॅट किंवा जीआरई या प्रवेशपरीक्षांपैकी एक बहुतेक ठिकाणी चालते. काही अभ्यासक्रमांनी ती ऐच्छिक केली आहे. ऐच्छिक असेल आणि तुमचे गणिताचे गुण साधारण असतील, तर माझ्या मते द्यावीच, कारण तीच उणीव भरून काढायची ती सर्वात सरळ संधी.

जीमॅटची जुनी माहिती अजून सगळीकडे फिरते. नवे स्वरूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आले. त्यात क्वांटिटेटिव्ह, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. निबंध नाही, भूमिती नाही. एकूण गुण २०५ ते ८०५ यांत येतात आणि तिन्ही विभागांना सारखे वजन असते. जुने आणि नवे गुण एकाच मापाचे नव्हेत: जुन्या ७०० च्या तोडीचा नवा आकडा ६४५ च्या आसपास धरतात. क्वांटिटेटिव्ह विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही, डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर मिळतो. जीआरईसुद्धा सप्टेंबर २०२३ पासून लहान झाली आहे, आता दोन तासांच्या आत संपते. दोन्हींचे गुण पाच वर्षे धरले जातात.

इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मात्र साधारण दोनच वर्षे. आयईएलटीएस देणार असाल तर ॲकॅडेमिक प्रकार निवडा. जनरल ट्रेनिंग देऊन बसलेले लोक दरवर्षी भेटतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचे कुलसचिवांचे पत्र काही विद्यापीठे स्वीकारतात. तेच पत्र व्हिसासाठी चालेलच असे नाही, तो नियम वेगळ्या कार्यालयाचा.

कागदपत्रे

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र किंवा ते आले नसेल तर तात्पुरते प्रमाणपत्र, सर्व सत्रांची गुणपत्रके, ट्रान्सक्रिप्ट, मूल्यांकनाचे कोष्टक, अभ्यासक्रम पुस्तिका, परीक्षांचे गुण, एक-दोन पानांचा सीव्ही, उद्देशपत्र, दोन शिफारसपत्रे, आणि नोकरी असल्यास अनुभवाची पत्रे. एखाद्या विषयात नापास होऊन पुन्हा बसला असाल तर ते गुणपत्रकही द्यायचे. पुढे पडताळणीत ते दिसतेच, आणि लपवलेली गोष्ट नापास होण्यापेक्षा महाग पडते.

कागदपत्रे इंग्रजीत किंवा विद्यापीठाच्या भाषेत नसतील तर अधिकृत अनुवादकाकडून अनुवाद लागतो आणि मूळ प्रतही सोबत द्यावी लागते. काही ठिकाणी ॲपोस्टिल मागतात. १९६१ च्या हेग करारातून आलेला हा शिक्का कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचे सांगतो; मजकूर बरोबर आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तो कागद ज्या देशाने दिला तिथेच मिळतो, त्यामुळे दुसऱ्या देशात राहायला गेल्यावर आठवण झाली तर धावपळ होते. न मागता मात्र काढत बसू नका. बहुतेक विद्यापीठे अर्जाच्या वेळी साध्या स्कॅनवर काम भागवतात आणि मूळ कागद प्रवेश नक्की झाल्यावर पाहतात.

नाव सगळीकडे एकसारखे आहे का, तपासा. गुणपत्रकावर वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव शेवटी, परीक्षेच्या नोंदणीत मधले नावच नाही, असे झाले की गुण तुमच्या अर्जाला जोडलेच जात नाहीत. पासपोर्टवर आहे तसेच सगळीकडे भरा. जुन्या कागदांत फरक असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र ठेवा.

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाचे असावे ही समजूत सोडून द्या. ज्यांनी तुम्हाला सांख्यिकी, अर्थशास्त्र किंवा अकाउंटिंग शिकवले आणि ज्यांना तुमचा एखादा प्रकल्प आठवतो, त्यांचे पत्र विभागप्रमुखांच्या कौतुकापेक्षा उपयोगी. हल्ली विद्यापीठ थेट त्यांच्या ई-मेलवर दुवा पाठवते. संस्थेचा अधिकृत पत्ता द्या आणि ई-मेल स्पॅममध्ये पडला नाही ना, हे त्यांना नम्रपणे विचारा.

उद्देशपत्रात 'लहानपणापासून आकड्यांची आवड' नको. विक्री वाढत असलेली कंपनी रोकडीवाचून का अडते? उधारी वसूल होण्याचे दिवस वाढतात, माल गोदामात पडून राहतो, पुरवठादाराला मात्र वेळेवर द्यावे लागते. असा एखादा प्रश्न तुम्ही कुठे पाहिलात, त्यावर काय वाचलेत आणि तो सोडवायला या अभ्यासक्रमातले कोणते विषय लागतील, एवढे लिहिले तरी पत्र उठून दिसते. दुसऱ्या विद्यापीठाचे नाव तसेच राहून गेलेले नाही ना, तेवढे शेवटी बघा.

क्रम आणि वेळ

वर्ग सुरू होण्याआधी साधारण वर्षभर कामाला लागावे. आधी ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासक्रम पुस्तिका, त्याच काळात परीक्षेची तयारी, मग शिफारशी, उद्देशपत्र सगळ्यात शेवटी. काही विद्यापीठे टप्प्याटप्प्याने अर्ज घेतात, काही जसे येतील तसे तपासतात. दुसऱ्या प्रकारात शेवटची तारीख फसवी असते, कारण जागा आधीच भरलेल्या असतात. शिष्यवृत्तीची मुदत अनेकदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते. आणि 'रात्री ११:५९' हे विद्यापीठाच्या घड्याळाने, तुमच्या नव्हे.

प्रवेशपत्र आले की त्यावर 'कंडिशनल' लिहिले आहे का पाहा. अटी साधारण अंतिम निकाल, भाषेचे गुण किंवा मूळ कागद दाखवणे अशा असतात. डिपॉझिट भरण्याआधी ते कोणत्या परिस्थितीत परत मिळते हे वाचा. व्हिसा नाकारला तर मिळते आणि मन बदलले तर नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी दिसतो. पुढच्या वर्षावर प्रवेश ढकलायचा असेल तर तो विद्यापीठाच्या मर्जीचा भाग आहे, हक्काचा नाही. आर्थिक क्षमतेचे पुरावे, म्हणजे बँकेचे विवरण, कर्ज मंजुरीचे पत्र किंवा खर्च उचलणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, बहुधा याच टप्प्यावर लागतात.

नकार आला तर त्यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. पूर्वविषयांचे क्रेडिट मोजताना तुमचा एखादा विषय सुटला असेल, तर तो तक्ता आणि पुस्तिकेचे पान दाखवून ठरलेल्या मुदतीत फेरतपासणी मागता येते. तुमच्यापेक्षा सरस अर्ज होते म्हणून नकार असेल, तर त्यावर अपील सहसा चालत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करताना तीच फाइल पाठवू नका. सांख्यिकीचा नवा पेपर, सुधारलेला जीमॅट किंवा आर्थिक विश्लेषणाचा वर्षभराचा अनुभव, यांतले काहीतरी तिच्यात नव्याने आलेले असले पाहिजे.