कार्टात चादर टाकून गिऱ्हाईक जातं कुठं?

सोलापूरच्या चाटी गल्लीत दुपारच्या वेळी कुठल्याही कापडाच्या दुकानात बसून बघा, गिऱ्हाईक येतं, गादीवर पंधरा-वीस चादरी उलगडून घेतं, पोत बोटांनी चोळून बघतं, भाव विचारतं आणि "येतो की फिरून" म्हणून निघून जातं. दुकानदार काय चिडत नाही, गुमान घड्या घालायला लागतो कारण यातले निम्मे परत येणार नाहीत हे त्याला आधीच माहिती असतं. हेच ऑनलाईन झालं की मात्र साईटवर दुकान चालवणाऱ्या आपल्या पोरांची झोप उडते. माल कार्टात टाकला, पैसे न भरताच गेला, आता त्याला मेसेज टाका, कूपन द्या, अॅड दाखवा.

आधी एक आकडा सांगतो. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट ऑनलाईन दुकानांच्या चेकआऊटवरच, म्हणजे पत्ता टाकून पैसे भरायच्या पानांवरच, काम करते, त्यांनी जगभरातले पन्नासेक अभ्यास एकत्र करून सरासरी काढली तर ती ७० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दहातली सात कार्टं तशीच पडून राहतात, मोठमोठ्या कंपन्यांचीसुद्धा. आणि यातली बरीचशी कार्टं खरेदी कधी नव्हतीच, लोक भाव बघायला, दोन साईट ताडून बघायला, "पगार झाल्यावर बघू" म्हणून माल टाकून ठेवतात. त्यांना कुणी काहीही केलं तरी ते आज घेणार नाहीत, त्यांच्यामागं पळू नका. प्रश्न उरतो तो घ्यायचं ठरवून आलेला माणूस शेवटच्या पानावरून का पळतो याचा.

बेमार्डच्या सर्व्हेत नुसतं बघायला आलेले बाजूला काढले की पहिल्या नंबरला कायम एकच कारण असतं, शेवटी वाढलेला खर्च. डिलिव्हरी, टॅक्स, अमुक फी तमुक फी.

यामागं मेंदूतलं पण काहीतरी आहे. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या ब्रायन नट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून खरेदी करायला लावली. आधी वस्तू दाखवायची, मग किंमत, मग घेणार का नाही ते विचारायचं. वस्तू आवडली की मेंदूतला न्यूक्लिअस अॅक्युम्बन्स नावाचा भाग जागा व्हायचा, किंमत जास्त वाटली की इन्सुला नावाचा. हा इन्सुला दुखणं, किळस असल्या नकोशा भावनांच्या वेळी पण कामाला लागतो. माणूस "घेतो" म्हणायच्या आधीच या हालचालीवरून अंदाज बांधता येत होता, शंभर टक्के नाही पण नुसत्या तर्कापेक्षा बरा. तर आता विचार करा, ५९९ची चादर बघून मन एकदा तयार झालंय, पत्ता पिनकोड सगळं टाकून झालंय आणि शेवटच्या पानावर ७७९ दिसतंय. वरचे १८० रुपये चादरीचे नाहीत, त्यात हातात काहीच पडत नाही, नुसती टोचणी.

आता सोलापूरकरांची खरी गंमत इथं आहे. आपला माल चादर आणि टॉवेल, म्हणजे वजनाला ठीक पण आकाराला मोठा. कुरिअरवाला खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतो. बहुतेक ठिकाणी हिशोब असा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. समजा चादरीचं पार्सल ४० बाय ३० बाय १५ झालं तर १८००० भागिले ५०००, म्हणजे ३.६ किलो. काट्यावर ठेवा, दोनसुद्धा भरायची नाही! तीच चादर घट्ट घडी घालून, हवा काढलेल्या पिशवीत दाबून १० सेंटीमीटर जाडीत बसवली तर २.४ किलो. बारा-पंधरा रुपयांची पिशवी आणि जास्तीची दोन मिनिटं, पण एका पार्सलमागं सव्वा किलोच्या आसपास भाडं वाचतंय. कार्ट सुटायचं कारण वेबसाईटवर शोधत बसण्यापेक्षा एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या टेबलावर शोधलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उरलेला चार्ज आधीच दाखवायचा का? इथं शास्त्र जरा वाकडं उत्तर देतं. २०१५ मध्ये स्टबहब या अमेरिकन तिकीट साईटवर लाखो लोकांवर प्रयोग झाला, काहींना फी पहिल्यापासून दाखवली, काहींना अगदी शेवटी. शेवटी दाखवलेल्यांनी साधारण २१ टक्के जास्त खर्च केला. म्हणजे लपवाछपवी चालते की! चालते, पण तिकिटाच्या बाबतीत. त्या मॅचचं त्या स्टँडचं तिकीट दुसरीकडं सहजी मिळत नाही, माणूस अडकलेला असतो. सोलापुरी चादर शोधली तर शंभर दुकानं निघतात, तुमच्याकडं १८० वाढले की पुढच्या टॅबमध्ये दुसरा बसलेलाच आहे. आणि आपल्याकडं आता कायद्याचीपण भानगड आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे साईटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांची, मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तेरा प्रकार आहेत. किंमत थेंबाथेंबानं वाढवत नेणं त्यात आहे, न विचारता कार्टात काहीतरी सरकवणं त्यात आहे, शंभर पीस पडलेले असताना "फक्त २ शिल्लक" असं खोटंच लिहिणंपण त्यात आहे.

लॉगिनचं थोडक्यात सांगतो. एक टॉवेलचा सेट घ्यायला कुणाला खातं उघडायचं नसतं, पासवर्ड आठवत नसतो, मोबाईल नंबरवर काम भागवा. आणि कूपन कोड टाकायचा रिकामा डबा दिसला की माणूस कूपन हुडकायला गूगलवर जातो तो तिकडचाच होतो, तेव्हा कूपन चालू नसेल तर तो डबा काढूनच टाका.

पेमेंट मात्र नीट बघण्यासारखं आहे, कारण इथं सुटलेलं गिऱ्हाईक नकार देऊन गेलेलं नसतं. यूपीआयची रिक्वेस्ट दुसऱ्या अॅपमध्ये जाते, नेट अडकतं, ओटीपी उशिरा येतो, तोवर साईटचं पान टाइमआऊट. खात्यातून पैसे कट झाले आणि ऑर्डर लागलीच नाही असं एकदा झालं की तो माणूस परत फिरकत नाही, आला तर कॅश ऑन डिलिव्हरीच मागतो. आणि कॅशवर पाठवलं तर दारात "नको" म्हणणारे निघतात, पार्सल परत येतं आणि बऱ्याचदा दोन्हीकडचं भाडं आपल्याच बोकांडी. म्हणून डॅशबोर्डवर "कार्ट सोडलं" आणि "पेमेंट फेल" हे दोन वेगळे कप्पे पाहिजेत, कित्येकजण एकातच ढकलून मोकळे होतात. पेमेंट फेल झालेल्याला दहा मिनिटांत साधा व्हॉट्सअॅप गेला, "पैसे आले नाहीत, ही लिंक परत बघा", तर त्याला तो त्रास वाटत नाही, उलट हायसं वाटतं.

बाकीच्यांना आठवण करून द्यायची का? याला लोक झायगार्निक परिणामाचा आधार देतात. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनमधले प्रयोग छापले, त्यात पुरं झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम लोकांच्या जास्त लक्षात राहिलं. ऐकायला झकास, पण नंतरच्या लोकांनी करून बघितलं तर दरवेळी तसं येत नाही, त्यामुळं त्यावर मार्केटिंगचा बंगला बांधू नका. एक मेसेज ठीक. प्रत्येक वेळी मागून कूपन पाठवलंत तर गिऱ्हाईक शहाणं होतं, मुद्दाम कार्ट टाकून वाट बघत बसतं.

आता कुणीतरी म्हणणार, ए-बी टेस्ट करा, अर्ध्यांना हिरवं बटण, अर्ध्यांना केशरी. करा की, पण गणित बघून. समजा शंभरात दोघं घेतात आणि बदल केल्यावर अडीच घेतील अशी आशा आहे, तर हा फरक खरा का योगायोग हे कळायला प्रत्येक बाजूला साधारण तेरा-चौदा हजार माणसं लागतात. महिन्याला हजारभर लोक येणाऱ्या दुकानाला दोन वर्षं होऊन जातील. त्यापेक्षा ऑनलाईन फारसं न घेणारी मावशी नाहीतर शेजारचे काका पकडा, त्यांचाच फोन, त्यांचंच नेट, "एक चादर मागवून दाखवा" म्हणा आणि तोंड बंद ठेवून बाजूला बसा. बोट कुठं अडतंय, पिनकोडला का चार्जला, ते असे चार-पाचजण बसवले की बऱ्यापैकी कळतं.