लहान व मध्यम बांधकाम संस्थांतील इमारत माहिती प्रतिमान (बेळगाव सीमाभाग)

इमारतीचे कॉलम, बीम, भिंती, पाइप आणि वायरिंग यांचे एकच त्रिमितीय प्रतिमान संगणकावर उभारून प्रत्येक घटकाला माप व साहित्याची माहिती जोडण्याची पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला 'बिम' म्हणतात. पण साइटवर बिम म्हटले की मिस्त्री वरच्या बीमकडेच बघणार, म्हणून नुसते 'मॉडेल' म्हणणे बरे. ऑटोकॅडच्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. मॉडेलमध्ये ती भिंतच असते, त्यामुळे खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन तिन्ही बदलतात.

आर्किटेक्ट बेळगावचा, आरसीसी कन्सल्टंट कोल्हापूरचा आणि काम निपाणीत, असे असले की फाइलींची देवघेव हाच पहिला अडथळा ठरतो. रेव्हिट या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आवृत्ती कामाआधीच ठरवावी. सॉफ्टवेअरच वेगळे असेल तर आयएफसी या खुल्या स्वरूपात फाइल द्यावी.

दहा-बारा माणसांच्या संस्थेने सगळे एकदम मॉडेलमध्ये आणू नये. पहिल्या कामात आरसीसी सांगाडा आणि सांडपाण्याचे पाइप एवढेच घ्यावे. आधी ग्रिड (कॉलमच्या मध्यरेषांची चौकट), मजल्यांच्या पातळ्या आणि सर्वांचा एकच शून्यबिंदू ठरवावा, नाहीतर फाइली जोडताना पाइप इमारतीबाहेर लोंबतात. तयार लायब्ररीत खानापूरकडच्या जांभ्याच्या चिऱ्याची भिंत मिळणार नाही. ती स्वतः बनवून ठेवावी लागते. मापांचाही घोळ होतो: 5 इंची स्लॅब म्हणजे 127 मिमी, कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर मात्र 125. मॉडेल मिलिमीटरमध्येच ठेवावे, मिस्त्रीच्या प्रिंटवर फूट-इंच द्यावेत.

खरा फायदा दिसतो तो संडास-बाथरूमच्या सनकन, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये. 110 मिमीचा पाइप 3 मीटर लांब आणि उतार 40 ला 1 धरला तर 75 मिमी उतार लागतो. म्हणजे बेंड न धरताच 185 मिमी खोली गेली. वाटेत बीम आला आणि ते काँक्रीट झाल्यावर कळले, तर कोअर कटिंगमध्ये (मशीनने काँक्रीटला भोक पाडताना) सळ्या कापल्या जातात. मॉडेलमध्ये हे आधीच दिसते. पाइप वळवता येतो किंवा कन्सल्टंटला विचारून सेंटरिंगवरच स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी नळीचा तुकडा) ठेवता येते. जूनमध्ये पाऊस लागण्याआधी स्लॅब उरकायचा असेल तर ही तपासणी उन्हाळ्यातच व्हायला हवी. सॉफ्टवेअर शेकडो टकरी, म्हणजे एकमेकांत घुसलेले घटक दाखवते. त्यातल्या बऱ्याच पाइप गिलाव्याला टेकल्याच्या असतात. आधी बीम आणि पाइप यांचीच जोडी तपासावी.

क्वांटिटीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. आयएस 1200 या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे गिलाव्यात 0.5 चौ. मी. पर्यंतच्या उघाड्या (दारे-खिडक्यांच्या मोकळ्या जागा) वजा करत नाहीत, 0.5 ते 3 चौ. मी. असेल आणि दोन्ही बाजूंना एकच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट होते. 4 × 4 फुटांची खिडकी 1.49 चौ. मी. भरते. मॉडेल ती दोन्ही बाजूंनी वजा करते, म्हणजे अशा 24 खिडक्यांमागे सुमारे 36 चौ. मी. गिलावा बिलातून गळतो. बीम आणि स्लॅब एकमेकांत नीट जोडले नाहीत तर उलट काँक्रीट दोनदा मोजले जाते. सळ्यांचे म्हणाल तर प्रत्येक रिंग मॉडेलमध्ये घालण्याचा खटाटोप लहान संस्थेला परवडत नाही. सळीच्या मिमीमधील व्यासाचा वर्ग भागिले 162 (मीटरमागे किलो वजन) हे सूत्र घातलेली एक्सेलमधली बीबीएस, म्हणजे सळ्या कापण्या-वाकवण्याची यादी, पुरेशी आहे.

मॉडेल कुचकामी होण्याचे नेहमीचे कारण सॉफ्टवेअर नसतेच. मालक फोनवर सांगतो, मिस्त्री दरवाजा सहा इंच सरकवतो, आणि ऑफिसातल्या मुलाला पत्ताच नसतो. दोन स्लॅबनंतर मॉडेल आणि इमारत यांचा संबंध तुटतो, पुढे ते कोणी उघडतही नाही. यावर साधा उपाय: प्रत्येक स्लॅबआधी साइट इंजिनिअरने एका प्रिंटवर लाल पेनाने बदल मांडायचे, ते त्याच आठवड्यात फाइलीत चढवायचे आणि तोवर रनिंग बिल (झालेल्या कामाचे टप्प्याचे बिल) काढायचे नाही. मॉडेल येणारा एकच माणूस असेल तर तो नोकरी सोडून गेल्यावर काम ठप्प होते. दुसऱ्यालाही शिकवून ठेवावे.

सीमाभागात भाषेची एक जास्तीची कटकट आहे. सरकारी कागद कन्नडमध्ये, गवंड्यांशी बोलणे मराठी, कन्नड किंवा हिंदीत. जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली नावे दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उमटतात. शेरे युनिकोडमध्ये लिहावेत. कॉलम-बीमचे क्रमांक मात्र रोमन अक्षरे व अंकांतच ठेवावेत, कारण सळ्यांच्या यादीत आणि आरसीसी ड्रॉइंगवर तेच असतात.